कोब्यावरची उडी

पहिल्याच भेटीत सरांनी मला उडी मारायला लावली. मी तेव्हा शिरूरला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आमचं कार्यालय होतं. शालेय स्पर्धेच्या बातमीत एका मुलाचं आडनाव चुकलं होतं, ते सांगायला सर जिना चढून आले. निवृत्त क्रीडाशिक्षक, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिंप्यासारखी टेप. आडनाव दुरुस्त करून घेतलं, चहा उभ्यानंच घेतला आणि म्हणाले, "उठा. ह्या फरशीच्या सांध्यावर उभं राहा. दोन्ही पाय जुळवून पुढं उडी मारा."

मी कारण विचारलं.

"मारा तर."

मी मारली. खालच्या झेरॉक्सवाल्याने छताला काठी ठोकली. सरांनी गुडघ्यावर बसून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं, टेप पुन्हा गळ्यात टाकली आणि सांगितलं, "मोटारसायकल ठेवा. पायांवर इसंबून बातमी गाठू नका."

ती टेप ते लग्नाला, दहाव्याला, बँकेत, सगळीकडे घालून जात. त्यांच्या मते माणसाबद्दल कळण्यासारखं जे काही असतं, ते त्याच्या उभ्या जागेवरून मारलेल्या उडीत कळतं. बाकी सगळं तो माणूस स्वतः सांगतो, त्यामुळे ते धरायचं नसतं.

"पळणं म्हंजी काय ओ?" ते विचारायचे. उत्तरासाठी थांबायचे नाहीत. "उड्याच. एकापुढं एक लावलेल्या. ज्याला एक धड येत न्हाई त्याला पन्नास कशा येतील?"

या म्हणण्यात तथ्य होतं. उडीवरून धावण्याच्या वेगाचा अंदाज इतर प्रशिक्षकही घेतात. जमिनीला जो जोरात ढकलतो तो पुढे जातो, हे समजायला फार शिकावं लागत नाही. फरक इतकाच, की इतर लोक त्याला अंदाज म्हणतात. सर त्याला निकाल म्हणत.

स्टॉपवॉचचा त्यांना मनस्वी तिटकारा. "घड्याळ अंगठ्यानं चालतं," ते म्हणायचे. "मास्तरनं अंगठा उशिरा दाबला की मास्तरचा पुतण्या राज्यस्तराला." तालुक्यातल्या निम्म्या क्रीडाशिक्षकांशी त्यांचं या एका वाक्यामुळे बोलणं बंद होतं. उरलेल्या निम्म्यांना पुतणे नव्हते.

स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या स्थळाचीही त्यांनी उडी घेतली होती. मुलगा पुण्यात इंजिनिअर होता. पोहे झाल्यावर सर म्हणाले, "जरा उभं राहा." मुलाला वाटलं उंची बघतायत. उडी टीपॉयवर पडली. काच फुटली, लग्न मात्र ठरलं, कारण मुलीला मुलगा पसंत होता आणि टीपॉय नव्हता. जावई आजही सासुरवाडीला आला की खुर्ची सोडत नाही.

एका स्पर्धेच्या उद्घाटनाला त्यांनी प्रमुख पाहुण्यालाच मैदानावर ओढलं. पाहुणे साखर कारखान्याच्या राजकारणातले, वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणत. फीत कापून झाल्यावर सरांनी माईकवरूनच जाहीर केलं, "आता आप्पा उडी मारतील." समोर दीड-दोन हजार पोरं. आप्पांना नाही म्हणता येईना. त्यांनी धोतर सावरलं, दोनदा खाली-वर झाले आणि जागेवरच परत उभे राहिले. सरांनी टेप लावली. "अंतर न्हाई," त्यांनी माईकवर सांगितलं. मी बातमीत 'मान्यवरांनी उपक्रमात सहभाग घेतला' असं लिहिलं. त्यानंतर सरांना कुठल्याही समितीवर घेतलं गेलं नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

निवृत्तीनंतर ते पोलीस भरतीची तयारी करून घेत. फी घेत नसत, त्यामुळे कुणाला घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हा अधिकार पूर्णपणे त्यांचा होता. बॅच भरायची शिरूरच्या बाहेर, एका बंद गोदामापुढे. गोदामाला लागून सिमेंटचा मोठा कोबा होता. सुरुवातीला ते भिंतीवरची उडी घ्यायचे. हात गेरूत बुडवायचा, उभ्याने भिंतीवर पंजा उठवायचा, मग उडी मारून त्याच्या वर दुसरा उठवायचा आणि दोन्हींतलं अंतर मोजायचं. महिन्याभरात भिंत लाल पंजांनी भरली. एके सकाळी तिथे नारळ आणि उदबत्ती दिसली. पुढच्या मंगळवारी दोन बाया हळद-कुंकू घेऊन आल्या आणि सरांना म्हणाल्या, "मामा, जरा पोरांना बाजूला घ्या, देवीला पाणी घालायचंय." गोदामाचा मालक आधी चिडला, मग दानपेटी ठेवावी का असं विचारू लागला. सरांनी भिंत चुन्याने पुसून घेतली आणि भिंतीवरची उडी कायमची बंद करून पुढची उडी धरली. पुढे जे झालं ते या देवीमुळे झालं असं म्हणता येईल, पण सर तसं म्हणू देत नसत.

पुढच्या उडीची पद्धत सोपी होती. गोदामाकडे पाठ करायची, टाचा भिंतीजवळच्या पट्टीवर ठेवायच्या आणि समोर उडी मारायची. समोर तांबड्या ऑइलपेंटने दोन रेघा मारलेल्या, एक मुलांची, एक मुलींची. या रेघा सरांनी मनाने काढल्या नव्हत्या. त्यांच्या हातून भरती झालेली चांगली पळणारी पोरं त्याच कोब्यावर कुठवर जायची, त्यावरून त्या ठरल्या होत्या. टाच रेघेपलीकडे पडली तर बॅचमध्ये, अलीकडे पडली तर घरी. "पळून दाखवतो" असं कुणी म्हटलं तर सर हात हलवायचे. "पळणं फसवं आसतं. वारा लागतो, उतार लागतो, कुत्रं मागं लागतं. उडी सोवळी."

पुढे त्यांना दौंडहून बोलावणं आलं. तिकडच्या पोरांसाठी आठवड्यातून दोन सकाळी यावं, असं तिथल्या काही पालकांचं म्हणणं होतं. रेल्वे कॉलनीच्या मागे एक मैदान आहे, ताटासारखं सपाट. सरांनी टेप लावून शिरूरच्याच अंतरावर चुन्याच्या रेघा मारल्या. पहिल्या दिवशी पोरांची रांग लागली आणि एकामागून एक सगळी रेघेच्या अलीकडे पडली. कुणी दोन बोटं, कुणी चार. दुसऱ्या आठवड्यात तेच. सरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्याकडे कारण तयार होतं.

"रेल्वे," ते मला म्हणाले. "येता-जाता गाडीत बसून दौंडचे पाय गेले. शिरूरला रेल्वे न्हाई, म्हणून आपली माणसं आजून पायाची हायेत."

हे त्यांनी दौंडमध्ये, स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर, मोठ्याने सांगितलं. टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "सर, आमची माणसं इंजिनं हाकत्यात. तुमची माणसं एसटीमागं पळत्यात. म्हणून उडी चांगली हाय."

दौंडच्या त्या रांगेत शाहीन होती. विशीची मुलगी, उंच नाही, केस घट्ट बांधलेले. वडिलांचं कुरकुंभच्या रस्त्याला ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत त्यांनी तिच्यासाठी पॅकिंगला शब्द टाकून ठेवला होता. एक तारखेला हजर व्हायचं होतं. शाहीनला पोलीस व्हायचं होतं. घरात बरीच वादावादी होऊन तोडगा निघाला होता, की सर हो म्हणाले तर यंदा भरती, नाही म्हणाले तर कंपनी.

तिची उडी रेघेच्या चार बोटं अलीकडे पडली.

"घरी जा," सर म्हणाले. "गोळा बरा टाकशील. पण शंभर मीटर तुझ्या पायात न्हाई."

"सर, मी पळते ना. रोज पळते. बघा तरी."

"बघायचं ते बघितलं. पुढचा."

त्या दिवशी दौंडमध्ये एवढंच झालं. वडिलांनी कंपनीत होकार कळवला.

पुढच्या शनिवारी सकाळी मी शिरूरच्या गोदामापाशी बॅचचा फोटो काढायला गेलो होतो. सर चहा पीत उभे होते. पहिल्या एसटीतून शाहीन उतरली आणि चालत तिथवर आली. सरांना तिने सलाम केला.

"दौंडची बॅच तिकडं," सर म्हणाले.

"दौंडचे पाय गेले म्हनता ना सर. म्हणून इकडं मारते."

पोरं हसली. सरांनी मान हलवली. ती गोदामाकडे पाठ करून उभी राहिली, हात मागे नेले आणि उडी मारली. टाच तांबड्या रेघेच्या पलीकडे पडली. चांगली चार-पाच बोटं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवून टेप लावली, पुन्हा लावली. "बघ," ते म्हणाले, "शिरूरचं पाणी."

"पाणी आजून पिलेच न्हाई सर."

ती हसत नव्हती. तिने मागे वळून रेघेकडे, मग पट्टीकडे पाहिलं. आपण एका आठवड्यात एवढं पुढे जाणार नाही हे तिला माहीत असावं. चपला घालायला ती भिंतीकडे परत चालत गेली, मध्येच थांबली, पुन्हा दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "सर, उलट्या बाजूनं मारू का?"

"उलटी म्हंजी?"

"गोदामाकडं तोंड करून."

"देवीला उडी दाखवतीय," कुणीतरी म्हणालं. सगळे पुन्हा हसले. सरांनी खांदे उडवले. तिने रेघेवर टाचा ठेवल्या, गोदामाकडे तोंड केलं आणि उडी मारली. उडी तेवढ्याच जोरात होती. टाच भिंतीजवळच्या पट्टीपर्यंत पोचली नाही. दौंडपेक्षाही कमी पडली.

आता कुणी हसलं नाही. सरांनी सगळ्यात चांगली उडी असलेल्या मुलाला पुढे बोलावलं. तो गोदामाकडे पाठ करून रेघेपलीकडे गेला, गोदामाकडे तोंड करून पट्टीच्या अलीकडे राहिला. दुसरा, तिसरा, तेच. मग सरांनी कठड्यावरचा ग्लास उचलला आणि उरलेला चहा कोब्यावर ओतला. चहा क्षणभर जागेवर थांबला आणि मग सरळ रेघेने, गोदामाकडे पाठ करून, निघाला. तांबडी रेघ ओलांडून पार टोकाला गेला.

गोदामात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून कोब्याला उतार दिलेला होता. तो दिसायला काहीच नव्हता, पण चांगला दिलेला होता. इतकी वर्षं सगळं शिरूर उतारावर उडी मारत होतं.

सरांनी बूट काढले. साठी उलटलेला तो माणूस आमच्यादेखत एकदा उताराकडे आणि एकदा चढाकडे तोंड करून उडाला. दुसऱ्या खेपेला गुडघा धरूनच खाली बसला.

"हे सपाट हाय म्हणून कोण म्हनलं व्हतं रं?"

"तुम्हीच, सर," बॅचमधला एक जण म्हणाला.

"आन् तुम्ही ऐकलं?"

"तुम्ही दुसरं काय ऐकून घेता का?"

शाहीन त्यांच्यासमोर उभी होती. तिला एवढंच हवं होतं. "मग सर, मी पास ना?"

सरांनी चहाच्या ओघळावर बोट ठेवलं. "म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

"म्हाईत न्हाई म्हंजी?"

"ही रेघ उताराची हाय. सपाटीची रेघ कुठं मारायची ते मला ठाऊक न्हाई. पोरं सपाटीवर उडवायची, मग पळवायची, मग भरतीला कोण लागतंय ते बघायचं, तवा कळंल. त्याला दोन भरत्या जातील."

"एक तारखेला कंपनीत जायचंय मला," ती म्हणाली. "अब्बा तुमची न्हाई धरून बसलेत. दोन भरत्या कुठून आणू?"

सर उठले. बूट घातले. मला म्हणाले, "गाडी काढा."

शाहीन एसटीने गेली, आम्ही मोटारसायकलवर, न्हावऱ्यावरून. इनामगाव आलं की सर एक गोष्ट हमखास सांगत. तिथे उत्खननात हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे निघाले आणि त्यांत मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले आढळले. जाणकारांच्या मते मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून हे करत. सरांचं मत वेगळं होतं. "आधी उडी घेतली आसंल. जी पास झाली तेवढ्यांचेच तोडले. बाकीचे कुठं जात्यात?" त्या दिवशी इनामगाव आलं आणि गेलं. मागून आवाज आला नाही.

वर्कशॉपमध्ये वडील एका गेटला वेल्डिंग करत होते. सरांना बघून त्यांनी काच वर केली, हात पुसले, खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत. थोड्या वेळाने शाहीनही पोचली आणि दाराशी उभी राहिली.

"मी न्हाई म्हनलो व्हतो ते मागं घेतो," सर म्हणाले.

"का ओ सर?"

सरांनी कोबा सांगितला, उतार सांगितला, उलटी उडी सांगितली. कुणाला काही समजावताना ते इतके हळू बोलताना मी पाहिले नव्हते. वडिलांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी तुमची जमीन वाकडी व्हती," ते शेवटी म्हणाले.

"व्हय."

"आन् पोरीची उडी सरळ."

"व्हय."

"मग आता त्या उडीवरनं काय निघतंय? पळंल का न्हाई?"

"उडीवरनं काईच निघत न्हाई."

शाहीनने दाराची चौकट धरली. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"सर, रागावू नका," ते म्हणाले. "मी अडाणी माणूस. आमच्याकडं वेल्डिंगचा डाग बसला न्हाईतर न्हाई बसला, एवढंच आसतं. कंपनीवाल्याला मी शब्द दिलाय. तो फिरवायचा तर मला काहीतरी सांगाया पाहिजे. हो का न्हाई?"

 सरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तिथेच राहिला. आयुष्यभर त्यांनी मोजल्याशिवाय कुणाला हो म्हटलं नव्हतं. इथे मोजायला काही नव्हतं. खरं बोलायचं तर 'माहीत नाही' हे एकच उत्तर होतं, आणि त्या उत्तराने मुलगी एक तारखेला पॅकिंगला उभी राहिली असती.

"हो," सर म्हणाले. "पळती ती."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

वडिलांनी डोक्यावरची काच काढून ठेवली. मग शाहीनला म्हणाले, "यंदा एकदाच. न्हाई झालं तर कुरकुंभ. मग सर आले तरी ऐकायचो न्हाई."

"हां अब्बा."

परतताना काष्टीला चहाला थांबलो, तेव्हा मी सरांना विचारलं, "खरंच पळेल का ती?"

"मला काय म्हाईत," ते वैतागून म्हणाले. "मी तिला पळताना बघितलंय कुठं?"

दुसऱ्या दिवसापासून बघू लागले. दौंडच्या मैदानावर त्यांनी शंभर मीटर आखलं आणि ज्यांना घरी पाठवलं होतं त्यांना निरोप धाडले. काही आले. काही कुरकुंभला शिफ्टला लागले होते, ते आले नाहीत. एकाने मोबाइलचं दुकान टाकलं होतं, तो निरोप आणणाऱ्याला म्हणाला, "सरांना सांगा, आता त्यांनीच उडी मारावी." सरांनी ते मनावर घेतलं नाही, कारण मारली होती. स्टॉपवॉच मात्र त्यांना विकत घ्यावं लागलं. ते शून्यावर कसं आणायचं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते मागचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करायचे आणि वजाबाकी चुकली की पळणाऱ्याला दोष द्यायचे. शाहीनला सुटताना मान वर उचलायची सवय होती, त्यावर त्यांनी सहा आठवडे घालवले. "वर काय बघतीस? वर भरती न्हाई. खाली बघ, जमीन बघ." मग स्वतःच गप्प व्हायचे, कारण जमीन बघणं हा विषय आता पोरांच्या तोंडी झाला होता.

मैदानी चाचणीच्या दिवशी पालकांना फाटकाबाहेर थांबावं लागतं. सर वडिलांच्या शेजारी उभे होते. आत शिट्टी झाली की दोघं टाचा उंचावत आणि काही न दिसून पुन्हा खाली येत. शाहीन दुपारी बाहेर आली. शंभरला पूर्ण गुण नव्हते, पण बरे होते. आठशे मीटर तिचं नेहमी चांगलं होतं, आणि गोळा, सर म्हणाले होते तसा, बरा पडला होता. पुढे लेखी झाली. यादी लागली तेव्हा तिचं नाव खालून मोजायला सोपं होतं, पण होतं.

रविवारी ती वडिलांबरोबर पेढे घेऊन शिरूरला आली. सरांनी बॅच आता शाळेच्या मैदानावर हलवली होती. तिथे त्यांनी पाण्याचं घमेलं ठेवून चारही बाजूंनी सपाटी तपासली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी खोक्याची दोरी सोडली.

"थांबा," सर म्हणाले. "आधी उडी मार."

"सर, लागली ना मी."

"म्हणूनच. मार."

ती उभी राहिली आणि तिने उडी मारली. सरांनी गुडघा सांभाळत खाली बसून टेप लावली. शिरूरची जुनी रेघ जितक्या अंतरावर होती, तिथे बोट ठेवलं.

"चार बोटं कमी," ते म्हणाले. "माझ्या हिशेबानं तू आजबी नापास हायेस."

"हां सर," शाहीन म्हणाली आणि खोकं पुढे केलं. "पेढा घ्या."

सरांनी दोन घेतले.